मांचुरिया तुम्हाला, कोरिया आम्हाला: फसलेला सौदा आणि १९०४ चे रशिया-जपान युद्ध

ऑगस्ट १९०३ ते जानेवारी १९०४ या काळात रशिया आणि जपान यांनी एकमेकांना पाठवलेले मसुदे शेजारी ठेवून वाचले, तर दोघांतले अंतर फार मोठे नव्हते हे चटकन लक्षात येते. जपानला कोरिया हवा होता आणि रशियाला चीनचा ईशान्य भाग, म्हणजे मांचुरिया. दोन्ही राजधान्यांत वजनदार माणसे अदलाबदलीला अनुकूल होती. तरीही ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी विनाशिकांनी दक्षिण मांचुरियातल्या पोर्ट आर्थर या बंदराबाहेर नांगरलेल्या रशियन आरमारावर टॉर्पेडो सोडले. त्यात दोन युद्धनौका आणि एक क्रूझर जायबंदी झाली. रीतसर युद्धघोषणा दोन दिवसांनी, १० फेब्रुवारीला आली. होण्यासारखा सौदा का मोडला, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे हे युद्ध 'आशियाने युरोपला हरवले' या एका वाक्यात लक्षात राहिले. 'केसरी'च्या काळातल्या वाचकाला त्यातून बळ मिळाले, आणि ते स्वाभाविकच होते. पण त्या वाक्यात युद्धाची कारणे झाकली जातात. दोन साम्राज्ये भांडत होती ती तिसऱ्या-चौथ्याच्या जमिनीवरून, आणि त्या जमिनीच्या मालकांना, म्हणजे चीन आणि कोरियाला, वाटाघाटीत खुर्चीसुद्धा नव्हती.

१८९५: हातातोंडाशी आलेला घास

चीनला हरवल्यावर १७ एप्रिल १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने जपानला तैवान, पेस्काडोर बेटे, ल्याओतुंग द्वीपकल्प आणि २० कोटी तैल (जुने चिनी वजन) चांदीची खंडणी मिळाली. ल्याओतुंगच्या टोकावरच पोर्ट आर्थर. तहाची शाई वाळायच्या आत, २३ एप्रिलला, रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी टोकियोत एकत्र 'सल्ला' दिला की ल्याओतुंग परत करावे. तीन आरमारांपुढे जपानकडे पर्याय नव्हता. आणखी ३ कोटी तैल घेऊन त्याने ते परत केले.

या अपमानातून जपानमध्ये 'गाशिन शोतान' ही जुनी चिनी म्हण घोषणा झाली: काटक्यांवर झोपायचे, पित्त चाटायचे आणि सूड विसरायचा नाही. पण सल पुष्कळांना असते, तिचा अर्थसंकल्प थोडेच करतात. जपानने तो केला. खंडणीचा मोठा भाग सैन्यावर आणि आरमारावर गेला, याच पैशाच्या आधाराने १८९७ मध्ये येन सोन्याला बांधला गेला आणि यावाताचा पोलाद कारखाना उभा राहिला. सहा युद्धनौका आणि सहा चिलखती क्रूझर असा आरमाराचा आराखडा ठरला. त्यातली शेवटची युद्धनौका 'मिकासा' १९०२ मध्ये इंग्लंडहून जपानला पोचली.

चीनला खंडणी भरायला पैसा हवा होता. तो उभा करून देण्यात रशियाने पुढाकार घेतला. १८९५ चे ४० कोटी फ्रँकचे कर्ज फ्रेंच भांडवलातून आले, पण हमी रशियाची होती. लागोपाठ रूसो-चिनी बँक निघाली. जपानची खंडणी भरता भरता चीन रशियाच्या ऋणात गेला, आणि त्या ऋणाची परतफेड रूळांनी झाली.

एकेरी रूळ

या युद्धाचे सर्वांत खोल कारण रेल्वे आहे, असे ठामपणे म्हणता येते. कसे, ते नीट पाहायला हवे, कारण बहुतेक वर्णनांत 'ट्रान्स-सायबेरियन रेल्वेमुळे जपान घाबरला' एवढेच येते.

सायबेरियन रेल्वेचे काम १८९१ मध्ये सुरू झाले. अर्थमंत्री सर्गेई विट्टे यांनी ती पुढे रेटली. अमूर नदीच्या वळशाने व्लादिवोस्तोकपर्यंत जायचे तर मार्ग कित्येकशे किलोमीटरने लांबत होता आणि प्रदेशही अवघड होता. नकाशावर सरळ रेघ मारली तर ती चीनच्या मांचुरियातून जात होती. जून १८९६ मध्ये झार निकोलस दुसरा याच्या राज्याभिषेकासाठी चीनचे ज्येष्ठ मुत्सद्दी ली होंगझांग मॉस्कोत आले असताना गुप्त करार झाला. जपानविरुद्ध परस्परमदतीच्या बदल्यात रशियाला मांचुरियातून रेल्वे टाकायचा हक्क मिळाला. मुदत ८० वर्षे, ३६ वर्षांनंतर चीनला विकत घेण्याची मुभा. रूळांचे अंतर मात्र रशियन, १५२४ मिलिमीटर. रेल्वेच्या पट्ट्यात कंपनीचे पहारेकरी आले, त्यांच्यासाठी चौक्या आल्या आणि हार्बिन हे रशियन शहर उभे राहिले.

आता या रेल्वेची खरी ताकद किती होती? मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गावर दिवसाला किती गाड्या जातील हे इंजिनांच्या संख्येवर ठरत नाही. समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देण्यासाठी ज्या बाजूमार्गांवर थांबावे लागते, त्यांच्यातल्या सर्वांत लांब अंतरावर ते ठरते. समजा दोन बाजूमार्गांत ४० किलोमीटर आहेत आणि मालगाडी ताशी २० किलोमीटरने जाते. जायला दोन तास, यायला दोन तास, म्हणजे २४ तासांत सहा जोड्या. त्यातल्या दोन-तीन कोळसा, रूळ, दुरुस्तीचे सामान आणि रेल्वेच्याच माणसांच्या शिध्यात जातात. लष्कराला उरतात तीन-चार. घोडे, तोफा आणि दारूगोळा धरून एका कोअरला, म्हणजे तीसेक हजार सैनिकांना, शंभराच्या आसपास गाड्या लागतात. याचा अर्थ एका कोअरला एक महिना. हा हिशोब नमुन्याचा असला, तरी १९०४ च्या सुरुवातीची प्रत्यक्ष स्थिती याच मापाची होती.

त्यात रूळ हलके, मीटरला २४ किलोच्या आसपास. युरोपीय रशियातल्या मुख्य मार्गांवर वापरत त्यापेक्षा कमी वजनाचे. जड इंजिने चालवली की रूळ वाकत. खिंगान पर्वतातला बोगदा १९०४ पर्यंत खुला नव्हता, तोवर गाड्या नागमोडी तात्पुरत्या मार्गाने चढवाव्या लागत.

सगळ्यात मोठी खोट बैकाल सरोवराची. सरोवराला वळसा घालणारा डोंगरी मार्ग बोगद्यांनी भरलेला असल्याने रेंगाळला होता. तोवर गाडीचे डबे 'बैकाल' नावाच्या बर्फफोड्या बोटीवर चढवून पलीकडे नेत. ही बोट इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला बांधून, सुटे भाग आणून, सरोवराकाठी जोडलेली होती. भर हिवाळ्यात बर्फ इतका जाड होई की बोटही चालत नसे. फेब्रुवारी-मार्च १९०४ मध्ये रशियनांनी चक्क गोठलेल्या सरोवरावर रूळ टाकले. चाचणीचे इंजिन बर्फ फोडून खाली गेले, मग डबे एकेक करून घोड्यांनी ओढले आणि इंजिने सुटी करून नेली. सैनिक चाळीसेक किलोमीटर पायी किंवा घसरगाड्यांतून पार झाले. वळशाचा मार्ग सप्टेंबर १९०४ मध्ये जोडला गेला, म्हणजे युद्ध सुरू होऊन सात महिने झाल्यावर.

आता टोकियोतल्या लष्करी मुख्यालयाच्या जागी बसून पाहा. बैकालच्या पूर्वेला रशियाचे सैन्य लाखाच्या आसपास, तेही व्लादिवोस्तोकपासून पोर्ट आर्थरपर्यंत विखुरलेले. एकूण खडे सैन्य मात्र दहा लाखांवर. मधला अडसर म्हणजे हा एकेरी, हलका, सरोवरात तुटलेला मार्ग. तो दर महिन्याला सुधारत होता. मांचुरियातला भाग जुलै १९०३ मध्ये नियमित वाहतुकीला खुला झाला, पुढच्या वर्षी बैकालचा दुवा जुळणार, त्यानंतर बाजूमार्ग वाढणार. पूर्ण झालेल्या रेल्वेने जपान धास्तावला, हे म्हणणे अपुरे आहे. रेल्वे अपुरी होती आणि पूर्ण होत आली होती, यातून युद्धाची तारीख निघाली. ती १८९८ मध्येच पूर्ण असती तर जपानने बहुधा मांचुरियाचा विषय सोडून दिला असता. १९१५ पर्यंत रेंगाळली असती तर घाई करण्याचे कारणच उरले नसते.

बंदर

नोव्हेंबर १८९७ मध्ये जर्मनीने दोन धर्मप्रचारकांच्या खुनाचे निमित्त करून जियाओझोऊचा उपसागर बळकावला. महिन्याभरात रशियन जहाजे पोर्ट आर्थरला आली आणि २७ मार्च १८९८ रोजी पोर्ट आर्थर व दाल्यान २५ वर्षांच्या पट्ट्याने रशियाकडे गेले. 'चीनच्या अखंडतेसाठी' जपानकडून तीन वर्षांपूर्वी काढून घेतलेली हीच ती जमीन.

व्लादिवोस्तोक हिवाळ्यात गोठते, पोर्ट आर्थर गोठत नाही, म्हणून रशियाला ते हवे होते. पण बंदर म्हणून ते सदोष होते. तोंड इतके अरुंद आणि उथळ की मोठ्या युद्धनौका भरतीच्या वेळीच आत-बाहेर करू शकत. युद्धनौका मावेल अशी कोरडी गोदी नव्हती. तटबंदीचा आराखडा १९०९ मध्ये पुरा व्हायचा होता. शेजारच्या दाल्नी (दाल्यानचे रशियन नाव) या नव्या व्यापारी शहरावर विट्टेंच्या खात्याने पैसा ओतला आणि किल्ल्याला मात्र हात आखडता राहिला. शिवाय हार्बिनपासून इथवर दक्षिणेकडे नवा रूळमार्ग आला. व्लादिवोस्तोक आणि पोर्ट आर्थर या दोन रशियन तळांच्या मधोमध आता कोरिया सापडला. अदलाबदलीचा सौदा इथपासून अवघड होत गेला. समुद्रमार्ग सुरक्षित ठेवायचा तर कोरियाच्या सामुद्रधुनीवर नजर हवी, असे रशियन नौदलाला वाटू लागले. १८९९-१९०० मध्ये मासान बंदरात जागा मिळवण्याचा रशियाचा प्रयत्न याच गरजेतून झाला.

कोरिया

बुसानपासून जपानच्या त्सुशिमा बेटाचे अंतर जेमतेम ५० किलोमीटर. जपानी सेनानींच्या दृष्टीने कोरियात दुसरी महासत्ता येणे म्हणजे उंबऱ्यात शत्रू येणे. यात खरी भीती होती आणि तिच्या आडून वाढणारी हावही होती. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. कोरियाचे तांदूळ आणि सोयाबीन जपानच्या बाजारात येत होते, आणि सेऊल-बुसान रेल्वे जपानी कंपनी १९०१ पासून बांधत होती.

कोरियात आपले पाय जपानने स्वतःच कापून घेतले होते. ८ ऑक्टोबर १८९५ रोजी जपानचे राजनैतिक वकील मिउरा गोरो यांच्या कटातून राणी मिन हिचा राजवाड्यात खून झाला. चार महिन्यांनी, ११ फेब्रुवारी १८९६ ला, राजा गोजोंग लपतछपत रशियन वकिलातीत गेला आणि वर्षभर तिथूनच राज्य चालवत राहिला. नंतर १८९६ आणि १८९८ मध्ये दोन्ही साम्राज्यांत कोरियाविषयी करार झाले. ते दोन्ही मुद्दाम संदिग्ध होते. संदिग्ध करार वेळ देतो, पण ज्याची बाजू काळाबरोबर मजबूत होते त्यालाच त्या वेळेचा फायदा मिळतो.

न परतलेले सैन्य

१९०० च्या, चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावात मांचुरियातले रूळ उखडले गेले आणि रशियाने लाखभर सैन्य घुसवून सगळा प्रांत व्यापला. ३० जानेवारी १९०२ ला ब्रिटन आणि जपान यांची युती झाली. तिचे मर्म एका कलमात होते: एकाच सत्तेशी युद्ध झाले तर मित्राने तटस्थ राहायचे, दुसरी सत्ता शत्रूला मिळाली तर मात्र मैदानात उतरायचे. म्हणजे रशियाच्या मदतीला फ्रान्स आला तर त्याला ब्रिटिश आरमाराशी लढावे लागेल. १८९५ च्या त्रिकुटाची वाट त्यामुळे बंद झाली.

या दबावाखाली ८ एप्रिल १९०२ रोजी रशियाने तीन टप्प्यांत, दर सहा महिन्यांनी, सैन्य काढण्याचे मान्य केले. पहिला टप्पा ऑक्टोबर १९०२ मध्ये पाळला. एप्रिल १९०३ मधला दुसरा पाळला नाही. उलट चीनपुढे सात नव्या मागण्या ठेवल्या, त्यात नवी बंदरे परकीयांना खुली करू नयेत हीही एक होती. लगोलग, २१ एप्रिलला, क्योतोत यामागाता यांच्या मुरिन-आन बंगल्यात ज्येष्ठ राजकारणी इतो आणि यामागाता, पंतप्रधान कात्सुरा आणि परराष्ट्रमंत्री कोमुरा बसले आणि धोरण ठरले: मांचुरियात रशियाला मोकळीक देऊ, कोरिया सोडणार नाही.

त्याच वसंतात मांचुरिया-कोरिया सीमेवरच्या यालू नदीकाठच्या लाकूडतोडीचा परवाना पुढे आला. हा परवाना व्लादिवोस्तोकच्या एका व्यापाऱ्याने १८९६ मध्ये कोरियाकडून मिळवलेला होता. निवृत्त अधिकारी अलेक्सांद्र बेझोब्राझोव आणि त्याच्या दरबारी गोटाने तो उचलला. लाकडापेक्षा त्यांना सीमेवर ठाण मांडायचे होते. नदीच्या कोरियन काठावर योंगआम्पो इथे रशियन माणसे उतरली, त्यांत सैनिकही होते. धंदा म्हणून हा उद्योग बुडीत होता, पण जपानला त्यातून एकच अर्थ लागला: मांचुरिया मिळाला तरी रशिया यालूवर थांबणार नाही.

वाटाघाटीचे दिवस

१२ ऑगस्ट १९०३ ला जपानचा पहिला मसुदा सेंट पीटर्सबर्गमध्ये परराष्ट्रमंत्री लाम्सडॉर्फ यांच्या हाती पडला. त्याच दिवशी झारने पोर्ट आर्थरला अतिपूर्वेचे व्हाइसरॉयपद निर्माण करून ते अ‍ॅडमिरल अलेक्सेयेव यांना दिले. महिनाअखेर विट्टे अर्थमंत्रिपदावरून गेले. यापुढे जपानशी बोलणार कोण? कागदोपत्री लाम्सडॉर्फ, पण मसुदा पोर्ट आर्थरमार्गे, वाटाघाट टोकियोत रशियाचे राजनैतिक वकील रोझेन यांच्यामार्फत, आणि अंतिम शब्द झारचा. तो झार शरद ऋतूत बराच काळ जर्मनीत होता.

उत्तराला लागलेले दिवस मोजले की चित्र स्पष्ट होते. जपानच्या पहिल्या मसुद्याला उत्तर ३ ऑक्टोबरला, म्हणजे ५२ दिवसांनी. जपानच्या ३० ऑक्टोबरच्या मसुद्याला ११ डिसेंबरला, ४२ दिवसांनी. त्यानंतरचे ६ जानेवारीला आले. जपानच्या १३ जानेवारीच्या शेवटच्या पत्राला ६ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे २४ दिवसांत, उत्तरच नाही. ते पोर्ट आर्थरमार्गे निघालेले होते आणि ७ फेब्रुवारीला टोकियोत पोचले. आदल्या दिवशी संबंध तुटले होते.

मजकुरात अडकले होते मुख्यतः हे. रशियाला ३९ व्या अक्षांशाच्या उत्तरेचा कोरिया तटस्थ पट्टा म्हणून हवा होता. ही रेघ प्योंगयांगजवळून जाते, म्हणजे कोरियाचा भला मोठा उत्तर भाग जपानच्या हाताबाहेर राहिला असता. जपानने सीमेच्या दोन्ही बाजूंना ५० किलोमीटरचा पट्टा सुचवला. रशियाने मांचुरियाची बाजू मोकळी ठेवण्यास नकार दिला. उरलेल्या कोरियाचाही लष्करी कामासाठी वापर करायचा नाही, ही रशियाची अट होती. मांचुरियाविषयी तर डिसेंबरच्या उत्तरात अवाक्षर नव्हते. जपानही निर्दोष नव्हता. त्याच्या पहिल्या मसुद्यात कोरियावर पूर्ण वर्चस्व मागून मांचुरियात रशियाला केवळ रेल्वेपुरते हित मान्य केले होते. पण जपान मसुद्यागणिक सरकत गेला, रशिया फारच थोडा सरकला.

रशियातही धोका ओळखणारे होते. १९०३ च्या उन्हाळ्यात जपान पाहून आलेले युद्धमंत्री कुरोपात्किन यांनी वर्षअखेरीस पोर्ट आर्थर आणि दक्षिण मांचुरिया चीनला परत करून उत्तर भागावर समाधान मानावे, असे झारला लिहून दिले. त्यांचे कुणी मनावर घेतले नाही. आपण युद्ध केले नाही तर ते होणारच नाही, अशी झारची समजूत होती. जपान आधी वार करील ही शक्यता दरबाराने गांभीर्याने घेतली नाही.

फेब्रुवारीच का

जहाजांचा हिशोब रेल्वेच्या हिशोबासारखाच चालत होता. पोर्ट आर्थरला रशियाच्या सात युद्धनौका होत्या. बाल्टिकच्या गोद्यांत 'बोरोदिनो' जातीच्या आणखी पाच बांधून होत आल्या होत्या. 'ओस्ल्याब्या' तर पूर्वेच्या वाटेवर होती आणि युद्धाची बातमी आल्यावर माघारी वळली. जपानने डिसेंबर १९०३ मध्ये अर्जेंटिनासाठी इटलीत बांधलेल्या दोन चिलखती क्रूझर घाईने विकत घेतल्या. त्या फेब्रुवारीच्या आरंभी सिंगापूरला पोचल्या, आणि ४ फेब्रुवारीला टोकियोच्या दरबारी बैठकीत युद्धाचा निर्णय झाला. बैकाल गोठलेले, व्लादिवोस्तोक गोठलेले, कोरियाचे इंचॉन बंदर मात्र खुले. यापुढे दर महिन्याला जपानची बाजू पडतीची होती.

या सगळ्यांतून मूळ कारण कसे निवडायचे? प्रत्येक कारण बाजूला काढून पाहावे. लाकडाचा परवाना काढला तर संशय कमी होतो, पण रूळ आणि बंदर तसेच राहतात. ब्रिटिश युती काढली तर जपान कदाचित थांबला असता, पण भांडण मिटत नाही. १८९५ चा अपमान काढला तर जपानचे आरमार इतक्या लवकर उभे राहत नाही. रशियाचा मांचुरियातला रूळमार्ग आणि पोर्ट आर्थर काढले, तर मात्र युद्धाला विषयच उरत नाही. दरबारी गोंधळाने सौदा फसवला हे खरे, पण तो गोंधळ परवडेल असे वाटण्याचे कारण हेच होते की वाट पाहणे रशियाच्या फायद्याचे होते. अंतर्गत असंतोष दाबायला गृहमंत्री प्लेव्हे यांना 'छोटे विजयी युद्ध' हवे होते, ही कथा मात्र जपून घ्यावी. ती पसरवणारे विट्टे प्लेव्हेंचे कट्टर विरोधक होते, आणि झारच्या सरकारने युद्ध सुरू करण्याची तयारी केल्याचे त्या हिवाळ्यातल्या कागदपत्रांत दिसत नाही.

कोरियाने २१ जानेवारी १९०४ ला तटस्थता जाहीर केली होती. अठरा-एकोणीस दिवसांत जपानी सैन्य इंचॉनला उतरले आणि २३ फेब्रुवारीला सेऊलमध्ये जपानला लष्करी वापराची मुभा देणारा करार लिहून घेतला गेला.

५ सप्टेंबर १९०५ च्या पोर्ट्समथ तहात जपानला कोरियातले वर्चस्व, ल्याओतुंगचा पट्टा, चांगचुनच्या दक्षिणेची रेल्वे आणि ५० व्या अक्षांशाखालचे साखालिन मिळाले. जुलै १९०७ मध्ये राजा गोजोंगच्या दूतांना हेगच्या शांतता परिषदेत प्रवेश नाकारला गेला आणि जपानने त्याला गादीवरून उतरायला लावले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रशिया आणि जपान यांनी गुप्त करार करून मांचुरियाची उत्तर-दक्षिण वाटणी केली, आणि कोरियात जपान जे करील त्याला हरकत घेणार नाही असे रशियाने लिहून दिले.